न चाखलेला रस

सिस्टर आढावांचा गळा चांगला नव्हता, हे आधीच सांगून टाकते. त्यांच्याबद्दल बोलताना लोक एकदम भक्तिभावाने सुरुवात करतात आणि मग त्या ओळखू येईनाशा होतात. त्या गायला लागल्या की सूर एकीकडे जाई आणि त्या दुसरीकडे. शिवाय तालाच्या अर्धी मात्रा पुढे. गिरगावातल्या एका आतल्या गल्लीत त्यांचं मराठी चर्च होतं. दर रविवारी तिथे शे-सव्वाशे माणसं उपासनेला जमत, आणि डोळे मिटलेल्या माणसालाही कळे की सिस्टर आज कुठल्या बाकावर आहेत. गायनमंडळाच्या मास्तरांनी एकदा त्यांना फार आदबीने सुचवलं होतं की गीत मनातल्या मनात म्हटलं तरी ते देवापर्यंत पोचतं. सिस्टर म्हणाल्या, "मास्तर, त्याने हाच गळा दिलाय. बदलून मिळायची खिडकी नाही तिथे." आणि पुढच्या रविवारी त्या मास्तरांच्या बरोबर मागच्या बाकावर जाऊन बसल्या.

त्यांना सांभाळून घ्यायचे ते तबल्यावरचे दानूमामा. दानिएल हा त्यांचा धाकटा भाऊ. सिस्टर पुढे गेल्या की दानूमामा हळूच ठेका पुढे सरकवायचे, मग पेटी सरकायची, आणि दोन ओळींत अख्खी मंडळी सिस्टरांच्या मागून धावू लागायची. "आमच्या चर्चमध्ये उपासना लवकर सुटते ती अक्कामुळे," असं दानूमामा म्हणत.

मी भूमची. वडील मार्केट यार्डात हमाली करत, आई शिवणकाम करायची. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मुंबईत सरकारी कार्यालयात लिपिकाची नोकरी लागली तेव्हा आनंदापेक्षा धास्ती जास्त होती, कारण राहायचं कुठे हे कुणालाच सांगता येत नव्हतं. आमच्या शाळेतल्या एका बाईंनी सिस्टरांच्या नावाने चिठ्ठी दिली. ती घेऊन वडील आणि मी परळच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर सोळा नंबरच्या खोलीसमोर उभे राहिलो. दार उघडलं ते बुटक्या, जाड भिंगाच्या चष्म्याच्या, पांढऱ्या सुती साडीतल्या एका बाईने. महापालिकेच्या रुग्णालयातून परिचारिका म्हणून त्या निवृत्त झाल्या होत्या, पण चाळीतली शेंबडी पोरंही त्यांना सिस्टरच म्हणत. त्यांनी कपाळाला हात लावून "सलाम" केला. त्यांच्या लोकांत असाच नमस्कार करतात हे आम्हाला ठाऊक नव्हतं. वडिलांनी गोंधळून दोन्ही हात जोडले, मग एक हात कपाळाला लावून पाहिला.

वडिलांच्या मनात काय होतं ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. चहा झाल्यावर ते घुटमळत म्हणाले की पोरीला देवाधर्माचं वेड नाही, पण आपलं ते आपलं असावं. सिस्टर हसल्या नाहीत. "तिचा धर्म तिच्यापाशी राहील," त्या म्हणाल्या, "मी फक्त वजन वाढवून देईन. काय हो, हिला काही खायला घालत होतात की नाही?" त्यांनी मला एकच अट घातली. पहाटे पाच वाजता त्या गातात, ते चालवून घ्यावं लागेल. मी हो म्हटलं, कारण तोवर मी ते गाणं ऐकलेलं नव्हतं.

मी पोटमाळ्यावर झोपायचे, सिस्टर खाली, दानूमामा गॅलरीत. दानूमामा लालबागच्या एका शिंप्याच्या दुकानात कापड बेतायला जात. उंच, सडपातळ माणूस, सदऱ्याचं गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं. मला नोकरी सरकारी म्हणून ते मला मॅडम म्हणत आणि रोज सकाळी विचारत, "मॅडम, आज सरकार चालू आहे ना?"

गाणं झालं की सिस्टर प्रार्थना करत, आणि तशी प्रार्थना मी दुसऱ्या कुणाची ऐकलेली नाही. रुग्णालयात एक परिचारिका कामावरून उतरताना दुसरीला वॉर्ड सोपवते, खाटेगणिक रुग्णांची हकिगत सांगते. सिस्टर देवाला तशी चाळ सोपवत. डोळे मिटून, पदर डोक्यावर घेऊन, ठाम आवाजात. खोली अकरा, म्हातारबांची खोकल्याची तक्रार, रात्री झोप नाही. खोली बारा, नवरा-बायकोचं बोलणं बंद, तिसरा दिवस. खोली चौदा, परबांची सून लता, सातवा महिना, पायांना सूज, मीठ खाते, ऐकत नाही. मागणं फारसं नसेच. नुसती हकिगत. मी एकदा विचारलं की तुम्ही देवाकडे मागत का नाही. त्या म्हणाल्या, "अगं, डॉक्टरला काय करायचं ते आपण सांगायचं नसतं. रुग्णाची खबर नीट द्यायची." माझी खबरही रोज जाई. खोली सोळा, माझ्याकडची मुलगी, खात्याची परीक्षा आहे, डबा अर्धा परत आणते. पोटमाळ्यावर पडल्या पडल्या आपलं नाव असं कुणीतरी वर पोचवतंय हे ऐकताना मला रडू यायचं. घरी आईनेही मला देवासमोर असं नाव घेऊन ठेवलं नव्हतं. ती सगळ्यांचं मिळून एकदाच मागायची.

आणि ही खबर देऊन त्या मोकळ्या होत नसत. दिवसभर त्याच यादीने फिरत. अकरा नंबरला वाफ, बारा नंबरच्या बाईला भाजी निवडायला आपल्याकडे, चौदा नंबरला जाऊन लोणच्याची बरणी उचलून माळ्यावर. गणपतीत आरतीला त्या उभ्या राहत नसत, पण लालबागला दर्शनाच्या रांगेत उभं राहून पाय सुजलेल्या बायका चाळीत कुणाकडे उतरल्या की सिस्टर पाण्याचा टब, मीठ आणि मलमपट्टी घेऊन हजर. नाताळात करंज्या करत आणि पहिलं ताट परबकाकूंकडे जाई. परबकाकू त्यांना म्हणत, "सिस्टर, तुमचो देव बरो आसा, पण तुमका बसाक देना नाय."

मी रविवारी त्यांच्याबरोबर चर्चला जायची. त्यांनी कधी चल म्हटलं नाही. मलाच एकटीला खोलीत बसवत नसे. शेवटच्या बाकावर बसायचं, शुभवर्तमान, म्हणजे येशूचं चरित्र, वाचताना सगळे उभे राहिले की उभं राहायचं, एवढंच मला कळे. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे. येशूने शिष्यांबरोबर शेवटचं जेवण घेतलं, त्याची आठवण म्हणून भाकरीचा तुकडा आणि पेल्यातला घोटभर रस सगळे घेतात. त्या वेळी मी बसून राही.

तो रस सिस्टर करत. आणि तो त्यांच्याकडे कसा आला ती गोष्ट मला पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, सांगितली, सिस्टरांनी नाही. दानूमामा तरुणपणी लालबागच्या एका बेंजो पार्टीत ढोलकी वाजवत. वराती, मिरवणुका, आणि त्याबरोबर जी येते ती दारू. तीस वर्षं ते प्यायले. लग्न मोडलं, नोकऱ्या गेल्या, दोनदा रुग्णालयात सिस्टरांच्याच वॉर्डात येऊन पडले. मग दारू सोडलेल्या माणसांची एक मंडळी शाळेच्या हॉलमध्ये भरते तिथे ते जाऊ लागले आणि सुटले. सुटले, पण प्रभुभोजनाला येईनात. कारण तेव्हा चर्चमध्ये पेल्यात खरा द्राक्षारस असे, दारूच ती. तबल्याजवळ पेल्यांचं तबक आलं की दानूमामा मान खाली घालत आणि तबक पुढे जाई. सिस्टरांनी ते दोन वर्षं पाहिलं. मग त्या पाळकसाहेबांकडे गेल्या आणि म्हणाल्या की माझ्या भावाला प्रभूच्या मेजावर यायचंय आणि त्याला त्या पेल्याची भीती वाटते. मी मनुकांचा रस करून देते, सगळ्यांसाठी.

चर्चच्या पंचांच्या बैठकीत यावर बरीच वादावादी झाली. थोरातकाका म्हणून एक जुने पंच होते, मनाने चांगले पण तोंडाने फटकळ. ते म्हणाले की एका माणसासाठी सगळ्या मंडळीने मनुकांचं पाणी प्यायचं का. सिस्टर म्हणाल्या, "हो." एवढंच. आणि अकरा वर्षं सगळी मंडळी सिस्टरांचा रस घेत आली.

शुक्रवारी सकाळी त्या काळे मनुके निवडून भिजत घालत. शनिवारी सकाळी उकळत, कुस्करत, धुतलेल्या मलमलीतून गाळत, परत एक कढ देत आणि गार झाला की बाटल्या परबांच्या फ्रीजमध्ये ठेवत. दोन दिवस त्या पातेल्याला दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही. दानूमामा तर त्या कोपऱ्याकडे जातच नसत. त्यात काही नाही हे माहीत असूनही जात नसत. आणि सिस्टरांचा आणखी एक नियम होता. त्या रस चाखत नसत. मी सुरुवातीला सहज म्हटलं होतं की गोड झालाय का बघा तरी. त्यांनी मला विचारलं, "तुझी आई नैवेद्य दाखवायच्या आधी चाखते का?"

मी म्हटलं, नाही.

"मग?"

मला ते इतकं पटलं होतं की मी ते पत्रात घरी कळवलं होतं.

ती गोष्ट घडली तो मे महिन्यातला पहिला रविवार. शुक्रवारी दुपारी परबकाकू धावत आल्या. "सिस्टर, येवा बघू आधी. सुनेचा काय खरा दिसत नाय." लताच्या अंगावरून जात होतं. सिस्टर होत्या त्या साडीवर तिला घेऊन रुग्णालयात गेल्या आणि तिथेच राहिल्या. जुन्या ओळखीने वॉर्डात त्यांना कुणी हटकलं नाही. शनिवारी सकाळी मी फोन करून विचारलं की मनुके भिजलेत, मी उकळून ठेवू का.  त्या म्हणाल्या की राहू दे, मी येते संध्याकाळपर्यंत. संध्याकाळी लताला आत घेतलं. सिस्टर आल्या त्या रविवारी सकाळी साडेसहाला. मुलगी झाली होती, मूठभर, काचेच्या पेटीत ठेवली होती, पण दोघी जगल्या होत्या. सिस्टरांचे डोळे लाल होते आणि चेहऱ्यावर एखाद्या पोरीसारखं हसू होतं.

बस पावणेआठची. रस उकळून गार करायला वेळ नव्हता, आणि गरम रस काचेच्या पेल्यांत ओतता येत नाही. त्यांनी मनुके तसेच कुस्करले आणि मला म्हणाल्या, धर गं जरा फडकं. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या कामाला दुसऱ्याचा हात लागला, आणि तो माझा होता. मला फार धन्य वाटलं. रस गळताना वर बारीक फेस येत होता. वासही येत होता, गोडसर, आंबूस. मला वाटलं, हा असाच असतो. आमच्याकडे वडिलांनी कधी थेंब घेतलेला नाही, द्राक्षंसुद्धा आम्ही आजारपणातच आणायचो. मला काय कळणार. आणि सिस्टरांना वास येत नव्हता. साथीच्या वर्षी तापात गेलेला वास त्यांना पुरता परत आलाच नव्हता. आमटीची फोडणी जळली तर मी पोटमाळ्यावरून सांगायची.

त्यांनी चाखला नाही.

त्या दिवशी उपासनेत सिस्टर कधी नव्हत्या इतक्या मोठ्याने गायल्या. लताच्या मुलीसाठी त्यांनी उभं राहून सगळ्यांसमोर देवाचे आभार मानले. तबक फिरलं. दानूमामांनी पेला घेतला, डोळे मिटले, तोंडाला लावला. मी मागून पाहत होते. ते डोळे नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ मिटलेले राहिले, एवढंच मला आठवतं.

बाहेर पायऱ्यांवर थोरातकाका आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काय सिस्टर, आज काना गावच्या लग्नातला उरलेला माल आणलात वाटतं?" काना गावच्या लग्नात येशूने पाण्याचा द्राक्षारस केला अशी बायबलात गोष्ट आहे. चारचौघं हसली. सिस्टरही हसल्या. मग त्यांचं हसू तोंडावर तसंच राहिलं आणि डोळ्यांतून गेलं. त्यांनी हळू विचारलं, "का? काय झालं?"

"अहो, चेष्टा करतो मी. जिभेला जरा चुरचुरला, बस."

सिस्टर वळल्या. आत दानूमामा तबल्याला गवसणी घालत होते. नाडी बांधली, सोडली, परत बांधली.

 घरी दानूमामा जेवले. सोमवारी कामावर गेले, मंगळवारी गेले, मला विचारलं की सरकार चालू आहे ना. सिस्टरांचा जीव हळूहळू भांड्यात पडू लागला. गुरुवारी ते घरी आले नाहीत. शुक्रवारी दुपारी मला सुट्टी होती, दार मीच उघडलं. दानूमामा दाराला धरून उभे होते, गळ्याचं बटण तुटलेलं. आणि जो वास आत आला तो मला ओळखीचा वाटला. कुठे घेतलाय हा वास आपण, असं मी आठवू लागले. मग आठवलं, रविवारी सकाळी फडकं धरलं होतं तेव्हा.

चार दिवस मी ते पोटात ठेवलं. मग सिस्टरांना सांगितलं की मला वास आला होता, फेस दिसला होता, मी बोलले नाही. त्या भांडी घासत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "तुला काय माहीत असणार, बाळ. एकदा जीभ लावली असती मी तर कळलं असतं." बराच वेळ घासत राहिल्या. मग म्हणाल्या, "चाखायचं नाही हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पाळकांनी नाही, पुस्तकात नाही. माझंच होतं ते. मला वाटायचं, त्याचा मान राहतो."

शुद्धीत असले की दानूमामा त्यांची समजूत घालत. "अक्का, चार थेंब होते गं ते. मला निमित्तच पाहिजे होतं, ते मिळालं. रसाचं काही नाही." ते खरं असेल. पाळकसाहेबही तेच म्हणाले, शाळेच्या हॉलमधल्या मंडळींचे मुख्यही म्हणाले की एका घोटाने होतंही आणि एका घोटाने होतही नाही. पण एका रविवारी दुपारी, डोळे चढलेले असताना, दानूमामा ताटावर बसले आणि सिस्टर भात वाढत असताना शांतपणे म्हणाले, "तेरा वर्षं कुणाच्या हातची घेतली नाही. घेतली ती तुझ्या हातची." सिस्टरांनी भात वाढला, त्यावर वरण घातलं, लिंबाची फोड ठेवली.  ते जेवले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी जागी होते. अकरा, बारा, चौदा झाले. लता घरी आली, दूध पुरतं, मुलीचं वजन वाढतंय. मग "खोली सोळा," असं सिस्टर म्हणाल्या आणि थांबल्या. इतका वेळ थांबल्या की मला वाटलं प्रार्थना संपली. खाली वाकून पाहिलं तर त्या तशाच बसल्या होत्या, पदर डोक्यावर, ओठ मिटलेले. नंतर त्यांनी "खोली सतरा" म्हटलं आणि पुढे गेल्या.

सगळे चांगलेच वागले, हे मला लिहायला हवं. पाळकसाहेब दर आठवड्याला येत. थोरातकाका आंब्यांची पेटी घेऊन आले आणि पायरीवरचं ते वाक्य आठवून सिस्टरांसमोर रडले. सिस्टरांनीच त्यांना पाणी दिलं. मग तेच दानूमामांना हॉलमधल्या बैठकीला घेऊन जाऊ लागले, तीन वेळा गेले, चौथ्या वेळी दानूमामा अर्ध्या रस्त्यातून नाहीसे झाले. एका व्यसनमुक्ती केंद्रात तीन आठवडे ठेवलं. आले ते टवटवीत, हसरे, आणि महिनाभर राहिले. मग परत. आम्ही सगळे काही ना काही करत होतो आणि होत काहीच नव्हतं. पंचांनी ठरवलं की यापुढे रस बाजारातून बंद बाटलीतला आणावा. कुणी सिस्टरांना दोष दिला नाही. त्यांचं आता वय झालं, इतका व्याप कशाला, असंच सगळे म्हणाले. सिस्टरांनी मान हलवली. पातेलं घासून पुसून चर्चच्या कपाटात ठेवून आल्या, कारण ते पातेलं त्या चर्चचंच समजत.

दानूमामांचा सगळ्यात वाईट दिवस रविवार असे. सकाळी उठून दाढी करत, स्वच्छ सदरा घालत, आणि मग जिथे वाजवायला जायचं तिथे न जाता लालबागच्या देशी दारूच्या दुकानात जाऊन बसत. चर्चला चला म्हटलं की म्हणत, कुठल्या तोंडाने. हे दोन महिने पाहिल्यावर सिस्टरांनी पाळकसाहेबांना सांगितलं की आता मी काही दिवस रविवारी येणार नाही. मी तिथे होते. पाळकसाहेब अस्वस्थ झाले. म्हणाले की सिस्टर, या वेळीच तर मंडळीला सोडू नये, आम्ही सगळे तुमच्याबरोबर आहोत.

"साहेब," सिस्टर म्हणाल्या, "चर्चमध्ये तुम्ही शंभर जण आहात. तिथे तो एकटा बसतो."

पाळकसाहेबांनी दोन्ही हात त्यांच्या डोक्यावर ठेवले आणि ते निघून गेले.

त्या सुमारास मला अँटॉप हिलला सरकारी वसाहतीत घर मिळालं. सिस्टरांनीच सामान बांधून दिलं, माझ्या आईला मुंबई दाखवायला आण म्हणाल्या. मी दर रविवारी येईन असं सांगून गेले आणि महिन्यातून एकदा येऊ लागले, मग तेही होईना. खात्याची परीक्षा मी त्या वर्षी पास झाले. निकाल कळला तेव्हा पहिल्यांदा त्यांनाच सांगावं असं वाटलं. रविवारी सकाळी परळला गेले तर खोलीला कुलूप. परबकाकू मुलीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी नुसतं लालबागच्या दिशेला बोट दाखवलं.

दुकान मुख्य रस्त्याच्या आत, एका गल्लीत होतं. पुढे पत्र्याची शेड, आत लाकडी बाकं, जाळीच्या मागे गल्ला. समोरच्या फुटपाथवर, बंद असलेल्या भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर सिस्टर बसल्या होत्या. पांढरी साडी, मांडीवर पिशवी. त्या फार बारीक झाल्या होत्या. मला पाहून त्यांनी कपाळाला हात लावला आणि शेजारी जागा करून दिली. परीक्षेचं सांगितल्यावर त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला, वडिलांना कळवलंस का, विचारलं. आत दानूमामा दिसत होते. स्वच्छ सदरा, भिंतीला टेकलेले, समोर ग्लास. त्यांनी मला पाहिलं असावं, पण ओळख दाखवली नाही. मी विचारलं की तुम्ही त्यांना घेऊन का जात नाही. सिस्टर म्हणाल्या की ओढून नेलं तर दुसरीकडे बसतो, आणि तिथलं दुकान मला माहीत नसतं. निघतो बाराला, तेव्हा रस्ता ओलांडून द्यावा लागतो. मी विचारलं, काही फरक आहे का. त्यांनी फक्त मान हलवली, तीही अशी की हो का नाही ते कळू नये.

मी आणखी काहीतरी बोलत होते. एकदम सिस्टर मनगटावरचं घड्याळ पाहून गुडघ्यावर हात टेकून उठल्या. मला वाटलं त्यांना कुठे जायचं आहे, म्हणून मी पिशवी उचलली.

"बस तू," त्या हलकेच म्हणाल्या. "तिकडे आत्ता शुभवर्तमान वाचत असतील. तेव्हा उभं राहतात."

त्या फुटपाथवर उभ्या राहिल्या, हात पुढे एकावर एक ठेवून, मान थोडी खाली. भाजीवाल्याची गाडी त्यांना चुकवून गेली. दोन माणसं दुकानातून तोंड पुसत बाहेर आली आणि त्यांच्याकडे न बघता, सवयीने, बाजूने निघून गेली. मी उठावं की बसावं ते मला कळेना, आणि मी अर्धवट उठून पायरीला धरून राहिले.

मग आत पाहिलं तर दानूमामा उभे होते. एक हात भिंतीला, पाय किंचित हलत होते, पण उभे होते, आणि त्यांचीही मान खाली होती. बाकावरचे बाकीचे पीत होते. कुणाला त्याचं नवल नव्हतं. दोघांच्या मध्ये रस्ता होता आणि दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. एक वाचन व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ ती दोघं तशी उभी राहिली.

मग सिस्टर खाली बसल्या. आत दानूमामाही बसले, आणि त्यांनी ग्लास उचलला.